'तारण' आणि 'मोक्ष' : एक संकल्पनात्मक भेद

ख्रिस्ती 'तारण' या संकल्पनेसाठी 'मोक्ष' हा शब्द वापरल्यास मूळ आशय झाकला जातो. मोक्ष म्हणजे जन्ममरणाच्या फेऱ्यातून सुटका, तर तारण म्हणजे पापापासून मुक्ती व ईश्वराशी समेट. येथे पुनर्जन्म नाही. अंतिम आशा देहाच्या पुनरुत्थानाची आहे. मृत्यूनंतरची शुद्धीकरणाची अवस्था कॅथलिक पंथ मानतो. ट्रेंट परिषदेने १५६३ मध्ये तिला पुष्टी दिली. प्रॉटेस्टंट धर्मसुधारकांनी ती नाकारली. त्यामुळे मृतांसाठी प्रार्थना हा वादविषय ठरला. तारण ईश्वरी कृपेनेच लाभते, स्वतःच्या पुण्याईने नव्हे, याविषयी मात्र कॅथलिक व लूथरन यांनी १९९९ मध्ये ऑग्सबर्ग येथे संयुक्त घोषणापत्राद्वारे सहमती दर्शविली. म्हणून तौलनिक धर्माच्या अध्यापनात दोन्ही संज्ञांचे वेगळेपण जपणे अगत्याचे आहे.