सामना ऐकलेली माणसं

मार्च 1980 मध्ये ‘द पोलीस’ हा ब्रिटिश न्यू वेव्ह बँड मुंबईत वाजवून गेला. टाइम अँड टॅलेंट्स क्लब या स्त्रियांनी चालवलेल्या धर्मादाय संस्थेने तो कार्यक्रम ठेवला होता. त्या एका रात्रीबद्दल मुंबईच्या इंग्रजी वृत्तपत्रांनी पुढे अनेकदा लिहिलं, हजर असलेल्या श्रोत्यांना बोलतं केलं, आणि आज ती रात्र मुंबईच्या सांस्कृतिक इतिहासाचा भाग मानली जाते. त्यात गैर काही नाही. पण त्याच काळात सोलापूर जिल्ह्यात आणि आसपास, भीमजयंतीच्या मोसमात वस्त्यावस्त्यांतून कव्वालीचे सामने उजाडेपर्यंत रंगत होते. गायक प्रल्हाद शिंदे गात होते, त्यांची मुलं आनंद आणि मिलिंद त्याच मंचावर तयार होत होती. त्या रात्रींबद्दल छापील मजकूर शोधू गेलं तर हाती फार थोडं लागतं. लागते ती एखादी जपून ठेवलेली कॅसेट आणि ऐकणाऱ्याच्या डोक्यात राहिलेली आठवण. माझं म्हणणं असं आहे की या संगीतापुरती तरी श्रोत्याची आठवण हेच इतिहासाचं मुख्य साधन आहे, आणि ते गोळा करण्याची पहिली जबाबदारी सोलापूरची आहे.

सोलापूरची का, याचं उत्तर भूगोलातच आहे. शिंदे घराण्याचं गाव मंगळवेढा. याच मंगळवेढ्यात 1338 साली वेशीची भिंत बांधताना ती कोसळून संत चोखोबा आणि त्यांच्याबरोबरचे मजूर गेले, अशी परंपरा सांगते. चोखोबांची समाधी पंढरपुरात महाद्वाराशी आहे, विठ्ठलाच्या देवळाच्या बाहेर. त्या देवळाचं दार अस्पृश्यांना उघडलं ते 1947 मध्ये, साने गुरुजींच्या उपोषणानंतर. जिल्ह्याच्या दुसऱ्या टोकाला बार्शीत 1916 साली शाहीर अमर शेख जन्मले. अण्णा भाऊ साठे आणि गवाणकर यांच्यासोबत लाल बावटा कलापथकातून त्यांनी कामगारांचं गाणं महाराष्ट्रभर नेलं. खुद्द सोलापूर शहरात 1877 सालापासून कापडगिरण्या उभ्या राहिल्या. हातमाग त्याआधीपासून होतेच, पुढे यंत्रमाग आणि विडी कारखाने आले आणि मराठी, तेलुगू, कन्नड, दखनी बोलणारी कष्टकरी माणसं एकमेकांना लागून राहू लागली. अशा प्रदेशात गाणं ही फक्त करमणूक राहत नाही. देवाशी भांडणं, मालकाशी भांडणं आणि स्वतःचा स्वाभिमान उंच आवाजात सांगणं, ही तिन्ही कामं इथे गाण्यानेच केली. प्रल्हाद शिंदे यांचा आवाज या मातीत पडला आणि म्हणून तो एकाच वेळी वारकऱ्याचाही झाला आणि भीमसैनिकाचाही.

सामना म्हणजे काय, हे ज्यांनी पाहिलं नाही त्यांच्यासाठी थोडं सविस्तर सांगायला हवं. दोन गायन पार्ट्या समोरासमोर बसतात. प्रत्येकीत मुख्य गायक किंवा गायिका, पेटी, ढोलक, बेंजो, आणि टाळी धरून ओळ उचलणारा कोरस. सुरुवात वंदनेने होते. मग एक पार्टी गाणं टाकते, दुसरी त्याला गाण्यातूनच उत्तर देते. मध्ये शेर येतात, कोपरखळ्या येतात, इतिहासातले प्रश्न येतात, समोरच्याच्या चुकीवर बोट ठेवलं जातं. श्रोता इथे गप्प बसलेला नसतो. आवडलेल्या ओळीला तो उभा राहून बक्षीस देतो, ती नोट कोणाकडून आली हे माईकवर पुकारलं जातं, फर्माईश होते, ओळ पुन्हा म्हणायला लावली जाते. गायक लोकांचे चेहरे पाहून पुढचं गाणं ठरवतो. भीमजयंती 14 एप्रिलची असली तरी गाजलेल्या पार्ट्यांच्या तारखा सगळ्यांना त्याच दिवशी मिळणं शक्य नसतं. त्यामुळे गावोगावचे जयंतीचे कार्यक्रम एप्रिल उलटून मेपर्यंत चालत राहतात आणि हौशी श्रोता एकाच मोसमात तीच पार्टी चार गावांत ऐकू शकतो. कालच्या गावात दिलेलं उत्तर आज बदललं, हे त्याला कळतं. कोणती पार्टी कुठे वरचढ ठरली याचा हिशेब आयोजकांच्या वहीत नसतो, तो या श्रोत्यांच्या बोलण्यात असतो.

यावर पहिला आक्षेप सरळ आहे: गाणी तर ध्वनिमुद्रित झाली आहेत, मग आठवणींची गरज काय? त्याला उत्तर देण्यासाठी कॅसेटचा इतिहास थोडा पाहावा लागेल. फिलिप्स कंपनीने 1963 साली कॅसेट आणली, पण भारतात ती सामान्य माणसाच्या हाती आली 1980 च्या दशकात. तोवर तबकडीचा धंदा प्रामुख्याने एका मोठ्या कंपनीच्या हातात होता, आणि कोणाचं गाणं छापायचं हे तीच ठरवत होती. कॅसेट स्वस्त, तिची नक्कल सोपी, थोड्या भांडवलात कंपनी काढता येई. पीटर मॅन्युएल या अभ्यासकाने 1993 च्या आपल्या ‘कॅसेट कल्चर’ या पुस्तकात दाखवलं आहे की या तंत्राने उत्तर भारतातल्या प्रादेशिक आणि स्थानिक गाण्याला बाजारात जागा करून दिली. महाराष्ट्रात तेच घडलं. शिंदे घराण्याची भक्तिगीतं, भीमगीतं आणि लोकगीतं एसटी स्टँडवरच्या दुकानांतून घरोघर गेली. हे उपकार मोठे आहेत. पण साठ मिनिटांच्या कॅसेटच्या एका बाजूला तीस मिनिटं मावतात आणि सामना पाच-सहा तासांचा असतो. स्टुडिओत समोर दुसरी पार्टी नसते, श्रोता नसतो, बक्षीस देणाऱ्याचं नाव नसतं. सवालाला जवाब सुचायला लागलेला वेळ, त्या वेळात कोरसने धरलेला ठेका, चुकल्यावर उठलेला हल्लकल्लोळ, यातलं काहीही फितीवर येत नाही. कॅसेटने आवाज वाचवला आणि प्रसंग सोडून दिला. तो प्रसंग ज्यांनी पाहिला त्यांच्याकडूनच तो परत मिळू शकतो.

शिवाय कॅसेटने नावंही पुसट केली. ‘पाऊले चालती पंढरीची वाट’ हे गाणं महाराष्ट्रात सर्वांना ठाऊक आहे. ते प्रल्हाद शिंदे यांचं, हेही बहुतेकांना ठाऊक आहे. पण ते दत्ता पाटील यांनी लिहिलं आणि मधुकर पाठक यांनी त्याला चाल दिली, हे किती जण सांगू शकतील? आंबेडकरी लोककवी वामनदादा कर्डक यांच्या गाण्यांचं तर याहून अवघड झालं. गावोगाव फिरत, माणसं जमवत त्यांनी गाणी केली आणि ती लोकांच्या तोंडी गेली. पुस्तकात आली त्यापेक्षा कितीतरी जास्त बाहेर राहिली. अशा वेळी ‘हे गाणं वामनदादांनी आमच्या गावात अमक्याच्या ओसरीवर बसून रचलं’ असं सांगणारा म्हातारा माणूस हा साक्षीदार असतो. त्याचं म्हणणं तपासून पाहावं, पण ते नोंदवल्याशिवाय तपासणार कसं?

इथेच दुसरा, जास्त वजनाचा आक्षेप येतो. आठवण फसवी असते. चाहता तर हमखास वाढवून सांगतो. गर्दी दुप्पट होते, आपण कुठेतरी ऐकलेलं आपण पाहिलं असं वाटू लागतं. हे अगदी खरं आहे, आणि न्यू वेव्हच्या इतिहासातच त्याचं प्रसिद्ध उदाहरण आहे. 4 जून 1976 रोजी मँचेस्टरच्या लेसर फ्री ट्रेड हॉलमध्ये ‘सेक्स पिस्टल्स’ या पंक बँडचा कार्यक्रम झाला. श्रोते पन्नासही नसावेत असा अंदाज आहे. पण तो पाहून बर्नार्ड समनर आणि पीटर हुक यांनी बँड काढायचं ठरवलं; त्यातून ‘जॉय डिव्हिजन’ आणि पुढे ‘न्यू ऑर्डर’ उभा राहिला. कार्यक्रम असा महत्त्वाचा ठरल्यावर आपण तिथे होतो असं सांगणारे वाढतच गेले. डेव्हिड नोलन या पत्रकाराने त्यावर एक अख्खं पुस्तक लिहिलं. त्याने एकेकाची आठवण दुसऱ्याच्या आठवणीवर घासून पाहिली. सेक्स पिस्टल्स त्याच सभागृहात 20 जुलैला पुन्हा आले होते आणि ‘बझकॉक्स’ हा बँड पहिल्यांदा मंचावर आला तो त्या दुसऱ्या कार्यक्रमात. त्यामुळे ‘मी बझकॉक्सना तिथे वाजवताना पाहिलं’ असं सांगणारा माणूस जूनमध्ये नव्हे, जुलैमध्ये हजर होता, हे उघड होतं. म्हणजे चुकीच्या आठवणीतूनही खरी माहिती निघाली. आठवणी फसव्या आहेत म्हणून त्या टाकून द्यायच्या नसतात. त्या भरपूर संख्येने गोळा करायच्या असतात, म्हणजे त्या एकमेकींच्या चुका दाखवतात.

सोलापुरात ही तपासणी करणं तर तुलनेने सोपं आहे, कारण इथल्या माणसाच्या स्मरणात काळाच्या खुणा पक्क्या आहेत. सामना 1972 च्या दुष्काळाआधी झाला की नंतर? 30 सप्टेंबर 1993 च्या किल्लारी भूकंपानंतर की आधी? 14 जानेवारी 1994 रोजी मराठवाडा विद्यापीठाचा नामविस्तार झाला, त्या आधीच्या जयंतीत कोणती गाणी होती आणि नंतरच्या जयंतीत कोणती? आंबेडकरी गाण्यात घटनेचा पडसाद लगेच उमटतो, त्यामुळे गाण्याचा विषयच त्याचं साल सांगायला मदत करतो. त्याला जयंती मंडळांच्या पावत्या, पत्रकं, एखाद्या घरातला फोटो यांची जोड दिली की अंदाजाचं अंतर बरंच कमी होतं.

तिसरा आक्षेप वैचारिक आहे आणि तो चळवळीतूनच येतो. 14 ऑक्टोबर 1956 रोजी नागपूरला धर्मांतर करताना बाबासाहेबांनी जुने देव सोडायला सांगितले. मग ज्या आवाजाने भीमगीतं गायली त्यानेच विठ्ठलाची, गणपतीची गाणी गावीत, हे कसं? काहींना ही विसंगती खटकते. दुसऱ्या बाजूला, भक्तिगीतं रोज लावणाऱ्या कित्येक घरांत या गायकाने भीमगीतं गायली याचा उल्लेखही होत नाही. दोन्ही बाजू गायकाला अर्धाच स्वीकारतात. पोटासाठी गाणाऱ्या कलावंताला काय मागणी आहे ते पाहावं लागतं, हे कारण खरं असलं तरी पुरेसं नाही. चोखोबांच्या मंगळवेढ्याच्या माणसाने विठ्ठलाला हाक मारणं, यात नुसती शरणागती नसते, त्यात तक्रारही असते. आणि ज्या दारात पूर्वजाला उभं केलं नाही तिथे स्वतःचा आवाज स्पीकरवरून पोहोचवणं यात एक हक्कही आहे. हे माझं वाचन. पण ते बरोबर आहे का, हे ठरवायला मला त्या आवाजाचे श्रोते हवेत. आषाढीला पंढरपुरात ज्याने तो आवाज ऐकला आणि जयंतीला सोलापूरच्या बुधवार पेठेत ज्याने ऐकला, त्या दोघांना काय ऐकू आलं? एकच माणूस दोन्हीकडे असला तर त्याला ते दोन आवाज वाटले की एक? हा प्रश्न ग्रंथालयात बसून सुटणारा नाही.

चौथा आक्षेप सहसा मोठ्याने बोलला जात नाही, पण तोच सर्वांत जास्त नुकसान करतो: ही गाणी हलकी आहेत, वरातीत नाचण्याची आहेत. आनंद शिंदे यांचं ‘नवीन पोपट हा’ कॅसेटवरून घराघरांत गेलं तेव्हापासून शिंद्यांच्या नावावर हा शिक्का मारणं सोपं झालं. पण ज्या मंचावर तास-तास सवाल-जवाब पेलावे लागतात तिथे घडलेला गळा आणि घडलेली हजरजबाबी वृत्ती वरातीच्या गाण्यातही उतरते. ते गाणं लोकांना धरून ठेवतं ते त्याच कसबाने. शास्त्रीय मैफलींच्या आठवणी मराठीत आदराने लिहिल्या गेल्या. कोणत्या गायकाने कोणत्या साली कोणता राग कसा मांडला, हे सांगणारी पुस्तकं आहेत आणि ती मोलाची आहेत. तोच आदर ढोलकाच्या गाण्याला मिळाला नाही याचं कारण संगीतात नाही, श्रोत्याच्या जातीत आणि वर्गात आहे. ज्याच्या हाती लेखणी होती त्याची मैफल इतिहास झाली. ज्याच्या हाती माग होता त्याची मैफल गप्पांत उरली.

आता घाई का करायची, तेही सांगायला हवं. ध्वनिप्रदूषणाचे केंद्रीय नियम 2000 साली आले, रात्री दहानंतर ध्वनिक्षेपकावर बंधन आलं आणि 2005 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते ठामपणे उचलून धरलं. रुग्ण, मुलं आणि म्हाताऱ्यांची झोप लक्षात घेता हे बंधन योग्यच आहे. पण त्यामुळे उघड्या मैदानावरचा उजाडेपर्यंत चालणारा सामना संपत आला. ज्यांनी तो तरुणपणी पाहिला ते आज पंचेचाळिशीच्या पुढे आहेत, आणि ज्यांनी प्रल्हाद शिंदे यांना भरात असताना ऐकलं ते सत्तरीत. 2004 साली मे महिन्यात वामनदादा गेले, जूनमध्ये प्रल्हाद शिंदे गेले. त्यांचे श्रोतेही एकेक करून जात आहेत.

हे काम होऊ शकतं याचा पुरावा महाराष्ट्रातच आहे. हेमा राईरकर आणि गी पॉइतव्हँ यांनी हजारावर गावांतून बायकांच्या जात्यावरच्या एक लाखाहून जास्त ओव्या जमवल्या. ओवीसोबत गाणारीचं नाव आणि गावही नोंदवलं. तोवर ओवी हे अनामिक लोकसाहित्य समजलं जाई. त्या कामाने ओवीला गाणारी मिळाली. त्या ओव्यांत बाबासाहेबांवरच्याही आहेत. सामन्याच्या बाबतीत तेच, फक्त बाजू बदलून करायचं आहे: इथे गाणारा माहीत आहे, ऐकणारा नोंदवायचा आहे. हे काम सोलापूर विद्यापीठाने हाती घ्यावं; त्याची स्थापनाही, हे दोघे गेले त्याच वर्षी, 2004 च्या ऑगस्टमध्ये झाली. मराठी, इतिहास आणि समाजशास्त्राच्या विद्यार्थ्यांनी आपापल्या वस्तीत, आपापल्या गावात दहा-दहा माणसं गाठली, कोणाची पार्टी होती, समोर कोण होतं, कोणत्या सवालाला कोणी काय उत्तर दिलं, बायका कुठे बसत, बक्षीस किती लागलं, वर्गणी कशी जमली एवढं विचारलं आणि घरातल्या कॅसेटची नक्कल करून घेतली, तर दोन वर्षांत असा संग्रह उभा राहील ज्याच्याशिवाय यापुढे मराठी संगीताचा इतिहास कोणाला पूर्ण म्हणता येणार नाही. यासाठी लागणारा खर्च थोडा आहे. लागते ती एकच गोष्ट: रात्रभर जागून गाणं ऐकणाऱ्या माणसाला जाणकार मानण्याची तयारी.