दोरी, साप आणि दोषारोप

गेल्या श्रावणातली गोष्ट. माझा एक जुना विद्यार्थी दुपारी घरी आला. बी. ए.ला त्याने मराठी घेतले होते. पुढे एका पतसंस्थेत रोखपाल झाला. चहा पुढे ठेवला तरी तो हात लावीना. शेवटी पिशवीतून कागदांची एक जाडजूड चळत काढून त्याने माझ्या पुढ्यात ठेवली आणि विचारले, "सर, यात मला चोर म्हटलंय का हो?"

वरच्याच पानावर शब्द होता, 'दोषारोपपत्र'. वकिलांनी त्याला कलमे सांगितली होती. शब्द कोणी सांगितला नव्हता. आणि शब्द सांगणे हाच तर माझा धंदा!

मी समासापासून सुरुवात केली. दोषाचा आरोप तो दोषारोप, षष्ठी तत्पुरुष. आरोप म्हणजे एका वस्तूवर दुसरी नेऊन ठेवणे. वृक्षारोपणातले आरोपण त्याच धातूचे आणि आपल्या शेतातले रोपही त्याच कुळातले. मुखाला चंद्र म्हणणारा कवी मुखावर चंद्राचा आरोप करतो. त्याला आपण रूपक म्हणतो आणि परीक्षेत गुण देतो. वेदान्तातला 'अध्यारोप' तर प्रसिद्धच आहे : अंधारात दोरीवर सापाचा आरोप होतो. म्हणजे हा शब्द उच्चारतानाच आपण कबूल करीत असतो की, ठेवलेली वस्तू निराळी आणि जिच्यावर ठेवली ती निराळी. (कधी कधी तो खरोखरच साप असतो, हे मान्य, पण ते दिवा आणल्यावर.)

कायदाही येथे कमी काटेकोर नाही. दोषारोपपत्र पोलिसांचे. तपास संपला की ते आपला अहवाल न्यायालयापुढे ठेवतात. १९७३ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेत त्याचे कलम १७३ होते. १ जुलै २०२४ पासून अमलात आलेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत ते १९३ आहे. पण प्रत्यक्ष दोषारोप ठेवते ते न्यायालय. कागद पाहून खटल्याला आधारच दिसला नाही, तर आरोपीला तेथूनच मोकळे करता येते. दिसला, तर कोणता गुन्हा, कोणते कलम, केव्हा, कोठे, हे सारे न्यायालयाच्या भाषेत लिहून काढायचे, आरोपीला वाचून दाखवायचे आणि समजावून द्यायचे. मग विचारायचे, "गुन्हा कबूल आहे काय?" समजावून देणे हे कायद्याने नेमून दिलेले काम आहे, हे वाचून मास्तर म्हणून मला फार बरे वाटले. 'कबूल नाही' म्हटले की पुराव्याचे ओझे सरकार पक्षाच्या डोक्यावर.

आमच्या गावाला मात्र इतका धीर कुठला! 'त्याच्यावर केस आहे' याचे 'त्याने पैसे खाल्ले' व्हायला तीन दिवस पुरतात. मोर्चात आपण ओरडतो, 'आरोपीला शिक्षा झालीच पाहिजे!' वास्तविक शिक्षा व्हायची ती गुन्हेगाराला. आणि एखादा निर्दोष ठरला तरी आपण म्हणतो, 'निर्दोष सुटला.' जो निर्दोष आहे तो सुटेल कशातून? पण क्रियापदच असे निवडले आहे की, मासा जाळ्यातून निसटावा. आमच्या वर्तमानपत्रांनाही हे क्रियापद फार प्रिय आहे.

इतके सांगून मी थांबलो. त्याने सारे निमूटपणे ऐकले होते. वर्गातही तो असाच मागच्या बाकावर बसे.

"म्हणजे अजून चोर नाही ना, सर?"

"नाही."

"मग एवढं लिहून द्याल? रविवारी सासरे येताहेत, हिला माहेरी न्यायला. मी सांगून त्यांना पटत नाही."

मी कोरा कागद घेतला आणि त्यावर समास सोडवून, विग्रहासकट, लिहून दिला. खाली सही केली. त्याने तो घडी घालून खिशात ठेवला आणि गार झालेला चहा एका घोटात पिऊन टाकला.

पुढची तारीख कार्तिकात आहे.