साडेसोळा एकरांत बारा माणसं

मला आकडेमोडीची जुनी खोड आहे. जनगणनेचं पुस्तक हातात पडलं की लोक आपल्या गावाची लोकसंख्या बघतात, मी भागाकार करत बसतो. अशाच एका बैठकीत बालाघाट जिल्हा समोर आला. गोंदियाच्या डोक्यावर बसलेला हा जिल्हा आज मध्य प्रदेशात आहे आणि १९५६ पर्यंत त्याचा कारभार नागपुरातून चालायचा. क्षेत्रफळ ९,२२९ चौरस किलोमीटर. २०११ची लोकसंख्या १७,०१,६९८. भागाकार केला तर चौरस किलोमीटरला १८४ माणसं. याच जिल्ह्यात परसवाडा हे तालुक्याचं गाव आहे. आसपास साल-सागाचं रान, गोंड आणि बैगांची वस्ती, भाताची खाचरं.

या परसवाड्याकडे साडेसोळा एकर जमीन मोजून घ्या. जिल्ह्याच्या सरासरीने त्यात किती माणसं यावीत? बारा. दोन-तीन घरं, चार बैल, एक विहीर, संपलं.

आता तेवढेच साडेसोळा एकर उचलून मुंबईत मशीद बंदर स्टेशनच्या पश्चिमेला ठेवा. तिथे त्याचं नाव होतं भेंडीबाजार. सुमारे २५० इमारती, ३,२०० कुटुंबं, १,२५० दुकानं. कुटुंबात पाच माणसं धरली तर सोळा हजार जण. बारा माणसांच्या जागेत सोळा हजार! शिवाय या हिशेबात दुकानातले नोकर, हमाल, हातगाडीवाले आणि गिऱ्हाईक धरलेलं नाही.

साडेसोळा एकर म्हणजे ०.०६७ चौरस किलोमीटर. माणशी जमीन निघते सव्वाचार चौरस मीटरच्या आत, पंचेचाळीस चौरस फूट. दोन खाटा शेजारी टाकल्या की पाय ठेवायला फटच उरेल, आणि त्यातच रस्ता, जिना, मोरी, मशीद आणि दुकान आलं. बालाघाटात माणशी ५,४०० चौरस मीटर येतात, म्हणजे सव्वा एकराहून थोडं जास्तच. तेराशे पटींचा फरक आहे. उलट बाजूने बघायचं तर बालाघाटच्या सतरा लाखांना भेंडीबाजाराच्या दाटीने राहायला लावलं, तर सगळा जिल्हा सात चौरस किलोमीटरमध्ये मावतो. उरलेले ९,२२२ कान्हाच्या वाघांना आंदण.

नावाचीही एक गंमत आहे. भेंडीबाजार हे नाव कुठून आलं याचे दोन किस्से सांगतात. एक असा, की तिथे भेंडीची झाडं होती. भाजीतली भेंडी नव्हे, पिवळ्या फुलांचा तो पारोसा पिंपळ. दुसरा असा, की कोटातले इंग्रज क्रॉफर्ड मार्केटपलीकडच्या भागाला ‘बिहाइंड द बाजार’ म्हणायचे आणि देशी जिभेवर त्याची भेंडी झाली. बाजाराच्या मागची बाजू, म्हणजे आपल्या मराठीत बाजाराचं परस. परसवाड्याचा नि याचा संबंध जोडायचा मोह होतो, पण तो मोहच. गावांची नावं अशी कोट्यांवर चालत नाहीत.

तर हा अख्खा भेंडीबाजार पाडून नव्याने बांधायचं घाटलं २००९ मध्ये. दाऊदी बोहरा समाजाचे तेव्हाचे धर्मगुरू सय्यदना मोहम्मद बुऱ्हानुद्दीन यांनी सैफी बुऱ्हानी अपलिफ्टमेंट ट्रस्ट स्थापन केला. एकेक इमारत दुरुस्त करत बसण्याऐवजी सगळी वस्तीच एकदम उभारायची: खाली दुकानांचे रुंद रस्ते, वर उंच मनोरे, जुन्या रहिवाशांना आणि दुकानदारांना त्यांची जागा मालकीची आणि फुकट, उरलेले काही मनोरे विकून खर्च भागवायचा. अडीचशे इमारतींच्या जागी अकरा ते सतरा मनोरे. आराखडा बदलत गेला तसा हा आकडाही खालीवर झाला. खर्चाचा ढोबळ आकडा सांगितला जातो चार हजार कोटी.

इमारती इतक्या का खंगल्या, याचं उत्तर मात्र पावसात नाही, कायद्यात आहे. १९४७च्या मुंबई भाडे नियंत्रण कायद्याने भाडी १ सप्टेंबर १९४०च्या पातळीला गोठवली. घरमालकाला महिन्याला मिळणाऱ्या पैशांत रंगाचा डबा येईना, तो गच्ची कशाला दुरुस्त करील? भाडेकरूने पागडी मोजलेली, त्यामुळे तोही जागा सोडेना. इमारती पडायला लागल्यावर सरकारने १९६९ मध्ये दुरुस्ती मंडळाचा कायदा केला आणि उपकर घेऊन डागडुजी सुरू केली. त्या वेळी मुंबई शहरात उपकरप्राप्त इमारती मोजल्या गेल्या १९,६४२. भेंडीबाजारातल्या अडीचशे हा त्यातला सव्वा टक्का. म्हणजे हे सगळं पुराण ज्या दुखण्याचं, त्याच्या शंभरातल्या एक-सव्वा भागाचंच आहे!

चार हजार कोटी हा आकडा तोंडाने म्हणायला सोपा. सेकंदाला एक रुपया या वेगाने मोजायला बसा, न झोपता, न जेवता. १,२६७ वर्षं लागतील. मोजणी आज संपवायची तर सुरुवात इसवी सन ७६०च्या आसपास करायला हवी होती. तेव्हा राष्ट्रकूटांचा पहिला कृष्ण राज्य करत होता आणि त्याच्याच काळात वेरूळला कैलास लेणं डोंगर वरून खाली कोरत आकाराला येत होतं. कारागिरांनी पहिली छिन्नी मारली तेव्हा तुम्ही पहिला रुपया मोजला असता. जागेवर वाटला तर हाच पैसा चौरस फुटाला साडेपंचावन्न हजार पडतो. आणि ३,२०० कुटुंबं अधिक १,२५० दुकानदार, अशा ४,४५० वाटेकऱ्यांत वाटला तर एकेकाच्या वाट्याला नव्वद लाख. एवढ्यावर मुंबईत काय येतं ते मुंबईकराला विचारा, म्हणजे चार हजार कोटी पुन्हा लहान वाटायला लागतात.

जगात बाजारपेठा पाडून बांधण्याचे प्रयोग थोडे झालेले नाहीत. इंग्लंडमध्ये लिव्हरपूलने शहराच्या मधोमध ४२ एकरांवर नवी पेठ उभारली, २००८ मध्ये उघडली. जागा भेंडीबाजाराच्या अडीच पट आणि दुकानं १७०च्या आसपास. त्याच वर्षी दुबई मॉल उघडला. दुकानं बाराशेच्या वर, म्हणजे आपल्या भेंडीबाजाराएवढीच. बांधकाम मात्र एक कोटी वीस लाख चौरस फूट. भेंडीबाजाराची सगळी जमीन सात लाख एकोणीस हजार चौरस फूट. एकीकडे मजल्यांचं क्षेत्रफळ आणि दुसरीकडे जमीन, अशी तुलना अगदी शुद्ध नव्हे, हे मान्य. तरी सोळा पट जागा वापरून दुबईने जेवढी दुकानं मांडली, तेवढी इथे टोपीवाले, अत्तरवाले, रिदा शिवणारे आणि हार्डवेअरवाले अशांनी कसलाही आराखडा न काढता मांडली होती. आणि वर माळ्यावर सोळा हजार माणसं राहत होती. दुबईच्या दुकानांवर कुणी राहत नाही.

ही दुकानं बघायची म्हटलं आणि प्रत्येकात पाचच मिनिटं घालवली तर १०४ तास, म्हणजे चार दिवस आणि आठ तास लागतात. लग्नाची खरेदी करणाऱ्या आमच्या घरातल्या बायकांना हा हिशेब सांगितला, तर पाच मिनिटांवरच त्यांनी हरकत घेतली.

पण खरी डोकेदुखी दुकानांची संख्या नाही. कोणाचं दुकान कुठे, ही आहे. आणि इथे भेंडीबाजाराचं गाणं आठवतं. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात छज्जू खाँ, नझीर खाँ आणि खादिम हुसेन खाँ हे तीन भाऊ उत्तरेतून येऊन या वस्तीत राहिले आणि त्यांच्या गायकीला वस्तीचंच नाव पडलं, भेंडीबाजार घराणं. गोव्याच्या अंजनीबाई मालपेकर नझीर खाँसाहेबांच्या शिष्या, आणि लता मंगेशकर काही काळ शिकल्या त्या याच घराण्याच्या अमान अली खाँसाहेबांकडे. घराण्याची खासियत खंडमेरू: सात सुरांची जागा बदलत बदलत होतील तेवढे सगळे पलटे. सात गुणिले सहा गुणिले पाच असं एकपर्यंत करत गेलं की येतात ५,०४०. मिनिटाला एक पलटा गायला तरी साडेतीन दिवसांचा रियाज.

आता सुरांच्या जागी दुकानं ठेवा. दहाच दुकानं एका ओळीत मांडायच्या तऱ्हा होतात छत्तीस लाख अठ्ठावीस हजार आठशे. आणि १,२५० दुकानांच्या? तो आकडा ३,३३१ अंकी आहे. नुसता छापायचा म्हटलं तर मासिकाचं अख्खं पान खाईल. डोळ्यांना दिसू शकणाऱ्या विश्वातले सगळे अणू मोजले तरी ती संख्या ऐंशी अंकांच्या पलीकडे फारशी जात नाही असं म्हणतात. आपला पलटा तिला पासंगालाही धरत नाही. अर्थात योजना आखणाऱ्याला हे सगळे पलटे नको असतात. त्याला एकच हवा असतो, ज्यात साडेबाराशेपैकी कोणी भांडायला येणार नाही. नाक्यावरचा गाळा चारच जणांना मिळतो आणि ‘माझं आधीपासून नाक्यावरच होतं’ म्हणणारे चाळीस निघतात. शेजारी कोण, हाही धंदाच असतो: टोपीचं गिऱ्हाईक अत्तराला वळतं, हार्डवेअरचं वळत नाही.

दुकानदाराची सही, भाडेकरूची सही, घरमालकाची सही, पोटभाडेकरूचा दावा. ४,४५० जणांपैकी रोज एकाशी बोलणं पक्कं केलं, एकही सुट्टी न घेता, तरी बारा वर्षं दोन महिने होतात. मग प्रत्येकाने तात्पुरत्या जागेत जायचं आणि बांधून झालं की परत यायचं. कुटुंबाला येताजाताना एकेक टेम्पो धरला तर ६,४०० फेऱ्या. पाच मीटरचा एकेक टेम्पो शेपटीला शेपटी लावून उभा केला, तर रांग मशीद बंदरपासून ठाण्यापर्यंत जाते. हमालाला विचारा, टेम्पो भरायला किती वेळ लागतो. कपाट चौथ्या माळ्यावरच्या अरुंद लाकडी जिन्यातून वळत नाही, ते दोरीने खिडकीतून उतरवावं लागतं.

या खिडक्यांमधूनच पूर्वी दोरीला बांधलेली टोपली खाली यायची. खालच्या पोराने त्यात नानखटाई, पाव, पुदिन्याची जुडी टाकायची आणि वरून ओढून घ्यायची. उतरायचे कष्ट नाहीत, जिन्यात गुडघे मोडून घेणं नाही. नव्या मनोऱ्याच्या चाळिसाव्या मजल्यावरून ती टोपली सोडायची तर दोरी हवी एकशेवीस मीटर. लिफ्ट आहे, स्वतःची मोरी नि संडास आहे, किमान साडेतीनशे चौरस फूट चटईक्षेत्र आहे. चाळीत सार्वजनिक संडासापुढे बादली घेऊन आयुष्य काढलेल्या बाईला त्या टोपलीचं फार दुःख असेल असं मला वाटत नाही. टोपलीचे गहिवर बहुतेक माझ्यासारख्या बाहेरच्यांनाच येतात.

आणि उशिराची किंमत काय असते ते भेंडीबाजारानेच दाखवलं. २९ ऑगस्ट २०१७ला मुंबईत धो धो पाऊस झाला. दोन दिवसांनी, ३१ ऑगस्टच्या सकाळी, पाकमोडिया रस्त्यावरची हुसैनी इमारत बसली. वय शंभरच्या पुढे, पाडायच्या यादीत नाव होतं, काही कुटुंबं आधीच हलवलेली होती. राहिलेल्यांपैकी आणि तळमजल्यावर काम करणाऱ्यांपैकी ३३ जण गेले. चार हजार कोटी आणि तीन हजार अंकी आकड्यांपुढे ३३ लहान दिसतो. पण या योजनेत घाई कशासाठी करायची होती, ते या एकाच आकड्यात कळतं. माझं मत विचाराल तर पागडीचा गुंता सोडवायला जी वर्षं गेली, ती कंत्राटदाराने खाल्लेली नाहीत. ती १९४७ ते २००९ अशी बासष्ट वर्षं डागडुजीपलीकडे कुणीच काही न केल्याने साठलेली होती.

परसवाड्याच्या बाजूला हे सगळं सांगितलं तर लोक हसतील. तिकडच्या आठवडी बाजारात सकाळी बाई येते, मैदानात पोतं अंथरते, चार कोपऱ्यांवर चार दगड ठेवते. झालं दुकान. मोहफुलं, चारोळी, चिंच, आणि दैव असेल तर २०२१ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालेला बालाघाटचा चिन्नोर तांदूळ. जागा गेल्या आठवड्याचीच, शेजारीणही तीच. कुणाची सही नाही, आराखडा नाही, आणि दुपारपर्यंत अख्खी पेठ उभी. सूर्य कलला की दगड बाजूला, पोतं गुंडाळलं, पेठ गुल. भेंडीबाजाराची पुनर्बांधणी हाती घेतली त्या २००९ पासून २०२५पर्यंतची सोळा वर्षं धरा. आठवड्याला एकदा, म्हणजे तेवढ्या काळात असा बाजार ८३२ वेळा बांधून पाडून झाला.

भेंडीबाजारात मात्र ‘अल सआदा’ नावाचे पहिले दोन मनोरे उभे राहिले, माणसं राहायला गेली, खाली दुकानं उघडली. बाजूच्या पट्ट्यात काम चालू आहे. जुनी लाकडी खिडकी आणि काचेचा मनोरा एकाच नजरेत मावण्याचे दिवस आता थोडे राहिलेत. मशीद बंदरला उतरून एकदा बघून या, आणि जाताना पोटभर जेवून जाऊ नका. बोहरी मोहल्ल्यात बारा हंडी लवकर संपते.