हॉर्न मुका होतो तेव्हा

२०२४ साली अहिल्यानगर झालेल्या आपल्या नगर जिल्ह्यात घाटरस्ते थोडे नाहीत. पाथर्डीच्या वाटेवर करंजीचा घाट आहे, संगमनेरजवळ चंदनापुरीचा. घाटाच्या वळणावर समोरचे वाहन डोळ्यांना दिसण्यापूर्वी कानांना कळावे लागते. ऊसतोडणीच्या दिवसांत बैलगाड्या व भरलेल्या ट्रॉल्या रस्त्यावर आल्या म्हणजे तर हॉर्नचा मुकेपणा जिवावर बेतू शकतो. म्हणून त्याची रचना समजून घेणे इष्ट ठरेल.

हॉर्नच्या डबीत विद्युतचुंबक आणि त्यासमोर पोलादाचा पातळ पडदा असतो. बटण दाबताच चुंबक पडद्याला ओढतो. पडदा ओढला गेला की आतील संपर्कबिंदू विलग होऊन प्रवाह तुटतो, पडदा मागे येतो आणि संपर्क पुन्हा जुळतो. हे सेकंदाला सुमारे चारशे-पाचशे वेळा घडते व पडद्याच्या कंपनातून आवाज निघतो. शाळेत पाहिलेल्या विजेच्या घंटेचेच हे तत्त्व होय.

वाहनांवर संशोधन करणारी संरक्षण खात्याची संस्था नगरलाच आहे. पण हॉर्नची तपासणी करण्यास प्रयोगशाळा लागत नाही. आवाज घोगरा किंवा क्षीण असेल तर प्रथम बॅटरी पाहावी. आवाजच नसेल तर फ्यूज पाहावा. तो शाबूत असल्यास हॉर्नची वायर सोडवून तिच्या टोकाला बारा व्होल्टचा दिवा जोडावा, दिव्याचे दुसरे टोक गाडीच्या स्वच्छ लोखंडाला टेकवावे आणि कोणाला तरी बटण दाबण्यास सांगावे. दिवा लागला तर प्रवाह तेथवर पोहोचतो. दोष हॉर्नमध्ये किंवा त्याच्या अर्थिंगमध्ये आहे. पावसाळ्यात चिखलपाण्याने हॉर्नचा बोल्ट गंजतो आणि अर्थिंग तुटते. अशा वेळी पॉलिश पेपरने गंज घासला की काम भागते. दिवा न लागल्यास दोष रिले, बटण किंवा मधल्या वायरीत शोधावा.

याच्या उलट प्रकार म्हणजे हॉर्न वाजतच राहणे. रिलेचे संपर्क चिकटल्याने किंवा बटण अडकल्याने असे होते. गाडी बाजूला घेऊन हॉर्नचा फ्यूज काढावा; आवाज बंद होतो व पुढील तपास शांतपणे करता येतो. मात्र ज्या गाडीच्या स्टिअरिंगमध्ये एअरबॅग आहे, तिचे स्टिअरिंग स्वतः उघडू नये. ते काम जाणकार मेकॅनिककडेच सोपवावे.

नवा हॉर्न घेताना मोह आवरावा. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधील ११९ व्या नियमाने निरनिराळे सूर काढणारे व कर्कश हॉर्न निषिद्ध ठरवले आहेत. वळणापलीकडच्या गाडीवानाला सावध करण्याइतका आवाज पुरेसा आहे. त्याचे बैल बुजवण्याइतका नको. आणि हॉर्न दुरुस्त होईपर्यंत घाट टाळावा. टाळता न आल्यास दर वळणावर गती अशी ठेवावी की दिसेल तेवढ्या अंतरात गाडी थांबली पाहिजे.