मोटार दहाची, पाणी तीनचे

राधानगरी तालुक्यातल्या शाखेत मी अधिकारी होतो, त्या काळची गोष्ट. एक शेतकरी दहा अश्वशक्तीच्या मोटारीचे कोटेशन घेऊन आला. रिवाजाप्रमाणे विहीर पाहायला गेलो. पाणी जेमतेम तीन अश्वशक्तीच्या मोटारीपुरते. तसे सांगितले तर म्हणाला, "सायेब, मोटार मोठी बसवली तर पाणी बी जास्ती येईल न्हवं?" त्याला समजावता समजावता माझी दुपार गेली होती.

गेल्या वर्षी गणपतीच्या आधी राधानगरीला बहिणीकडे गेलो, तेव्हा तिच्या धाकट्या मुलाने माझ्यापुढे असेच एक कोटेशन ठेवले. अठरा हजारांचे. वस्तूचे नाव कॅप्चर कार्ड. खेळाच्या यंत्रातून टीव्हीकडे जाणारे चित्र मध्येच पकडून संगणकात साठवायचे, हे त्याचे काम. "मामा, फोर-के आहे बघा. आईला तेवढं तुम्ही सांगा की." बहीण स्वयंपाकघरातूनच म्हणाली, "दादा, पैसे झाडाला लागत नाहीत म्हणून सांग त्याला."

नोकरी संपली तरी सवय जात नाही. मी विचारले, विहीर दाखव.

विहीर म्हणजे प्लेस्टेशन 2. थोरल्या भावासाठी 2010 साली घेतलेले. हे यंत्र बनवणे कंपनीने 2013 च्या सुरुवातीलाच थांबवले. थोरला आता सैन्यात आहे, सीमेवर. दोघांचा क्रिकेटचा एक खेळ आहे. त्यात खेळाडूंची नावे बदलता येतात म्हणून लहानपणीच त्यांनी एक कोल्हापूरचा संघ करून ठेवलेला, आणि त्यात तिसऱ्या क्रमांकावर भाऊसाहेब निंबाळकर. वाचकांपैकी जुन्यांना सांगायला नको. डिसेंबर 1948, पुणे, रणजी सामना, निंबाळकर नाबाद 443. ब्रॅडमनच्या 452 ला नऊ धावा कमी असताना काठियावाडच्या संघाने पुढे खेळायला नकार दिला. कोल्हापूरच्या या माणसाला कसोटी कधीच मिळाली नाही. 2012 साली ते गेले. त्या खेळीचे चलच्चित्र मी तरी कुठे पाहिलेले नाही. आपल्या हाती उरले ते आकडे.

तर या पोरांनी ठरवले होते, पडद्यावर तरी 452 ओलांडायचे. मागच्या रजेत थोरल्याने निंबाळकरांना 431 वर नाबाद ठेवले, सामना आठ एमबीच्या मेमरी कार्डात साठवला, आणि "मी आल्याशिवाय हात लावायचा नाही" असे बजावून गाडीत बसला. आता तो गणपतीला पाच दिवस येणार होता. इकडे यंत्रातला लेझर थकला होता, चार वेळा प्रयत्न करावा तेव्हा तबकडी एकदा वाचली जायची. म्हणजे चित्रण करायचे तर एकदाच, त्याच रात्री. धाकट्याला ते करून भावाच्या फोनमध्ये घालून द्यायचे होते. हे ऐकल्यावर मी खुर्ची जरा पुढे ओढली. प्रकरण हौसेचे नव्हते.

बाबूराव पेंटरांनी 1918 च्या सुमारास याच जिल्ह्यात कॅमेरा स्वतः घडवला, कारण हवा तसा हाताशी नव्हता. आमची अडचण उलटी. बाजारात यंत्रे ढीगभर, आणि प्रत्येक डबीवर मोठमोठे आकडे. दोन रात्री वाचण्यात घालवल्या. कळले ते असे.

महाग कार्डाला चित्र घेण्यासाठी एचडीएमआयचे तोंड असते. प्लेस्टेशन 2 ला ते नाहीच. त्याच्यामागून निघतात त्या पिवळी, लाल, पांढरी अशा तीन वायरी. पिवळीतून चित्र, बाकी दोन आवाजाच्या. मग मध्ये आणखी एक डबी लावून चित्र बदलून घ्यायचे. ती डबी बहुधा जुने चौकोनी चित्र ताणून रुंद करते आणि निंबाळकर आडवे वाढतात. फोर-केच्या यंत्राला त्या पिवळ्या वायरीतून मिळणार काय? 576 ओळींचे चित्र. दहाची मोटार, तीनचे पाणी. नव्या यंत्रांची तऱ्हा वेगळी. त्यांच्या पूर्ण एचडी चित्राचा, सेकंदाला 60 वेळचा, कच्चा ओघ सेकंदाला अडीचशे एमबीच्या घरात जातो आणि यूएसबी 2.0 ची वाट कागदोपत्रीही 60 एमबीची, तेव्हा तिथे चांगल्या कार्डाला पैसे मोजावेत. तरी प्लेस्टेशन 4 मध्ये चित्रणाची सोय आतच आहे, मूळ मांडणीत शेवटची 15 मिनिटे, वाढवून तासभर. नुसत्या आठवणीसाठी तिथे काहीच विकत घेऊ नये, हे मी भाच्याच्या मित्रालाही सांगून टाकले. त्याचा चेहरा पडला, पण माझा इलाज नव्हता.

आम्ही घेतली ती हजार-बाराशेची, तीन वायरी थेट लागणारी यूएसबीची कांडी. पहिल्या दिवशी चित्र काळे-पांढरे! बहीण म्हणाली, "स्वस्तातलं आणलंत ना." दोष कांडीचा नव्हता. तिला अमेरिकी पद्धत सांगून ठेवलेली होती आणि आपली पद्धत पाल. ते बदलले आणि मैदान हिरवे झाले.

पण चेंडू पळाला की त्याला कंगव्यासारखे दात फुटत. कारण मोठे मजेशीर आहे. पालमध्ये सेकंदाला 25 चित्रे, पण प्रत्येक दोन हप्त्यांत येते. आधी एकाआड एक ओळी, मग उरलेल्या. दोन हप्त्यांमध्ये सेकंदाचा पन्नासावा भाग जातो आणि तेवढ्यात चेंडू पुढे सरकलेला असतो. दोन्ही हप्ते एकत्र चिकटवले की दात दिसतात. एक हप्ता टाकून दिला तर दात जातात, पण निम्मी हालचालही जाते. ओबीएस नावाच्या फुकटच्या प्रणालीत प्रत्येक हप्त्याचे पूर्ण चित्र करून सेकंदाला 50 चित्रे ठेवता येतात. ते केल्यावर चेंडू गोल झाला.

आणखी एक गोम. संगणकाच्या पडद्यावर चित्र किंचित उशिरा पोचते. तिथे बघून खेळलात तर बॅट फिरेपर्यंत दांडी उडालेली. म्हणून पिवळ्या वायरीला फाटा काढून एक टोक टीव्हीला, एक कांडीला दिले. चित्र जरा मंद होते, ते सोसायचे.

आता राधानगरीचा पाऊस. लक्ष्मी तलावाचे सात स्वयंचलित दरवाजे पाणी चढले की आपले आपण उघडतात, आणि इकडे गावातली वीज आपली आपण जाते. बहिणीचा संगणक टेबलावरचा, बॅटरी नसलेला. एमपी4 पद्धतीने साठवताना मध्येच वीज गेली, तर सगळी फाईल बाद होऊ शकते. एमकेव्हीत तेवढ्या क्षणापर्यंतचे शाबूत राहते. एका यादीतला एक शब्द बदलायचा, खर्च शून्य. माझ्या मते सगळ्या खरेदीत हाच निर्णय सर्वांत मोलाचा होता.

गौरी जेवल्या त्या रात्री सामना लागला. तबकडी पाचव्या खेपेला वाचली गेली. इंग्रजी समालोचन बंद करून धाकटा माईकवर मराठीत बोलू लागला, आणि मला रेडिओवरचे बाळ ज. पंडित आठवले. थोरला घाई करीत नव्हता. 435. 440. 443 ला त्याने खेळ थांबवला, दोघे एकमेकांकडे बघून हसले, आणि पुढचा चेंडू त्याने सीमेपार मारला. बहीण दारात येऊन उभी राहिली होती. 447 वर असताना बाहेर कुठेतरी फाटकन आवाज झाला आणि घर काळोखात बुडाले.

वीज आली तेव्हा पहाट झाली होती. थोरल्याची गाडी सहाची. तबकडी त्यानंतर वाचलीच गेली नाही. संगणक सुरू केला, फाईल उघडली. चाळीस मिनिटे सगळी होती. शेवटी धाकट्याचा आवाज, "आता फक्त सहा..." आणि तिथे संपले. थोरल्याने ती फोनमध्ये घेतली आणि पिशवी उचलली.

मेमरी कार्डात निंबाळकर अजून 431 वर नाबाद आहेत. ते कार्ड बहिणीने मुदतठेवीच्या पावत्यांच्या डब्यात ठेवले आहे. धाकटा सध्या कोल्हापुरात जुना लेझर कुणाकडे मिळतो का ते शोधतो आहे. परवा फोनवर त्याने एक कोटेशन सांगितले, ते मी निमूटपणे मंजूर केले.