वाऱ्याची वीज, ग्रिडची वीज आणि हायड्रोजनचा हिशेब

सध्या ‘हरित हायड्रोजन’ची सर्वत्र चर्चा आहे. पाण्यापासून इंधन निघणार, कारखाने येणार, कामे मिळणार, असे ऐकायला मिळते. पडेगावात फॅब्रिकेशनचे वर्कशॉप चालविणाऱ्या एका बांधवाने आम्हाला विचारले, “यात आपल्यासारख्यांसाठी काही आहे का?” प्रश्न रास्त आहे. पण उत्तराआधी या धंद्याचा हिशेब समजून घेऊ या.

पाण्यातून वीज सोडली की हायड्रोजन आणि ऑक्सिजन वेगळे होतात. हे काम करणाऱ्या यंत्राला इलेक्ट्रोलायझर म्हणतात. ही गोष्ट नवी नाही. पंजाबातील नांगल येथे १९६१ मध्ये भाक्रा धरणाच्या विजेवर असाच हायड्रोजन काढून खत बनविणारा सरकारी कारखाना सुरू झाला होता. पुढे विजेची मागणी चोहीकडे वाढली, कारखान्याला वीज अपुरी पडू लागली आणि त्याला तेलाकडे वळावे लागले. या धंद्याचा खरा कच्चा माल पाणी नव्हे, वीज आहे, हा त्यातला धडा.

एक किलो हायड्रोजनला साधारण ५५ युनिट वीज लागते. युनिट ४ रुपयांना पडले तर किलोमागे विजेचाच खर्च २२० रुपये. ८ रुपयांना पडले तर ४४० रुपये.

मग वाऱ्याची स्वस्त वीज का घेऊ नये? आपल्या राज्यात साताऱ्याचे वनकुसवडे, धुळ्याचे ब्राह्मणवेल येथे पवनचक्क्या आहेत. परंतु वारा जोरात वाहतो तो मुख्यतः पावसाळ्यात. १ मेगावॅटचे यंत्र चोवीस तास चालले तर दिवसाला सुमारे ४३५ किलो हायड्रोजन निघेल. तेवढ्याच क्षमतेच्या पवनचक्कीवर ते चालविले तर वर्षाच्या सरासरीने याच्या जेमतेम पाव हिस्सा हाती येईल. यंत्राची किंमत, जागा आणि पगार मात्र तेवढेच. शिवाय अल्कलाइन पद्धतीचे यंत्र फार कमी विजेवर चालविले तर दोन्ही वायू एकमेकांत मिसळण्याचा धोका असतो. म्हणून वाऱ्याला ग्रिडची जोड द्यावी लागते.

खरी मेख येथेच आहे. ग्रिडची वीज मोठ्या प्रमाणावर कोळशाची. तिच्या एका युनिटमागे सुमारे ७०० ग्रॅम कार्बन डायऑक्साइड हवेत जातो, म्हणजे किलोभर हायड्रोजनमागे ३८ किलोच्या आसपास. केंद्र सरकारने ऑगस्ट २०२३ मध्ये ‘हरित’ म्हणवून घेण्यासाठी २ किलोची मर्यादा घातली आहे. ५५ पैकी तीन युनिटसुद्धा साधी ग्रिडची झाली, तर माल हरित राहत नाही.

यावर तोड अशी की ग्रिडचा उपयोग गोदामासारखा करायचा. वारा असताना जादा वीज ग्रिडला द्यायची, नसताना परत घ्यायची. याला बँकिंग म्हणतात आणि अशी वीज हरित धरली जाते. केंद्राच्या फेब्रुवारी २०२२ च्या धोरणात ही मुभा ३० दिवसांची आहे. म्हणजे श्रावणातला वारा वैशाखात वापरता येणार नाही. उन्हाळ्यासाठी सौर वीज जोडावी लागते. ही वीज कारखान्यापर्यंत आणण्याचा आकारही हिशेबात धरावा. महाराष्ट्राच्या जुलै २०२३ च्या धोरणाने त्या आकारात मोठी सवलत दिली आहे.

पाण्याचेही विसरू नये. किलोमागे किमान ९ लिटर शुद्ध पाणी लागते. मराठवाड्यात त्याची किंमत सांगायला नको.

आता मूळ प्रश्न. शेंद्रा, बिडकीन किंवा राज्यात कोठेही असा प्रकल्प उभा राहिला, तर स्टेनलेस स्टीलचे पाइप, टाक्या, विजेचे पॅनेल अशी कामे निघतील. पण हायड्रोजनला वास नसतो, त्याची ज्योत दिवसा जवळपास दिसत नाही आणि तो बारीक फटीतूनही निसटतो. घरगुती गॅसच्या कामाचा अनुभव येथे पुरत नाही. आर्गन वेल्डिंग, गळती तपासणी आणि दाबाखालील पाइपचे काम ज्याने रीतसर शिकून प्रमाणपत्र मिळविले, त्यालाच ठेका मिळेल. म्हणून आमचा सल्ला असा की, आज पैसा मशीनमध्ये नव्हे, मुलांच्या हुनरमध्ये गुंतवा.

आणि कोणी “पाण्यावर चालणारे यंत्र” दाखवून भागीदारी मागू लागला, तर एकच विचारा: किलोमागे युनिट किती आणि ते येणार कोठून? जो याचा हिशेब देत नाही, त्याच्या हाती रक्कम देऊ नका.