खेड्यातील धंदा आणि शहरातील धंदा

ग्रामपंचायतीच्या कचेरीत कुटुंबांची यादी तयार होत असते तेव्हा नाव, वय व घरातील माणसांची संख्या यांच्यामागोमाग 'धंदा' हा रकाना येतो. शहरात हा रकाना भरावयास वेळ लागत नाही. बसचा वाहक, दवाखान्यातील परिचारिका, कापडदुकानातील कारकून, असे एका शब्दात उत्तर मिळते. आणि ते बहुधा चैत्रात जे असते तेच फाल्गुनातही असते. खेड्यात हाच प्रश्न विचारला की घरचा कर्ता पुरुष क्षणभर थांबतो आणि 'शेती' असे सांगून मोकळा होतो. लिहिणाराही तेच लिहितो. दोघांचेही काम आटोपते. परंतु त्या कागदाच्या आधाराने पुढे जे कर्ज, जे प्रशिक्षण, जे बियाणे द्यावयाचे ठरते, ते पुष्कळदा चुकीच्या माणसाच्या नावे व चुकीच्या महिन्यात जाते.

वास्तविक गाव कोणते व शहर कोणते, हे सरकारी गणतीत धंद्यावरूनच ठरते. नगरपालिका नसलेल्या ठिकाणास जनगणनेत शहर म्हणावयाचे तर तेथील वस्ती किमान ५,००० असावी लागते, दर चौरस किलोमीटरला किमान ४०० लोक राहात असावे लागतात आणि वर्षाचा बराच काळ काम करणाऱ्या पुरुषांपैकी किमान ७५ टक्के पुरुष शेतीखेरीज अन्य कामात असावे लागतात. अशा 'जनगणना शहरां'ची देशातील संख्या २००१ साली १,३६२ होती. ती २०११ साली ३,८९४ झाली. तिसरी अट लक्षपूर्वक वाचण्याजोगी आहे. पुरुष दुकानात व कारखान्यात जाऊ लागले की गाव शहर ठरते. त्याच गावातील स्त्रिया रानात खुरपणी करीत असल्या तरी त्याने निकाल बदलत नाही.

महाराष्ट्रात २०११ च्या जनगणनेत काम करणारी माणसे सुमारे ४ कोटी ९४ लाख भरली. त्यांत शेतकरी सुमारे १ कोटी २६ लाख, तर शेतमजूर सुमारे १ कोटी ३५ लाख होते. दहा वर्षांपूर्वीच्या गणनेत शेतकऱ्यांची संख्या अधिक होती. हे आकडे विचार करावयास लावणारे खरेच. तथापि ते वाचताना एक गोष्ट ध्यानात ठेवावी लागते. ज्या कामात अधिक वेळ जातो त्या एकाच वर्गात माणूस मोजला जातो. तीन एकर कोरडवाहू जमीन कसून उरलेले महिने दुसऱ्याच्या रानात राबणारा मनुष्य शेतकरी की शेतमजूर? तो दोन्ही आहे, पण गणतीत त्याला एकच जागा मिळते.

शहरातील नोकरी व गावाकडील शेती यांत पूर्वी आजच्याइतकी फारकत नव्हती. मुंबईत पहिली कापडगिरणी १८५६ साली चालू झाली आणि रत्नागिरी, सातारा, कोल्हापूर या भागांतील माणसे तिकडे गेली. साचा खात्यातला कामगार जन्मभर साच्यावरच राही. कामाची विभागणी इतकी काटेकोर होती. परंतु मृग तोंडावर आला की त्याचे मन गावाकडे ओढ घेई. तो रजा काढून भातलावणीला जाई आणि त्याच्या जागी बदली कामगार उभा राही. त्याची मनीऑर्डर गावी येई खरी, पण त्याच्यामागे शेत, गुरे आणि म्हातारी माणसे सांभाळणारी त्याची कारभारीण होती. गिरणीच्या हजेरीपटावर तिचे नाव कोठून असणार? १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेल्या संपानंतर एकेक गिरणी बंद पडत गेली आणि अनेक कामगार गावी परतले, तेव्हा त्यांना आधार मिळाला तो तिने राखलेल्या जमिनीचा.

आज हंगामी कामासाठी घर सोडणारी सर्वच माणसे शहराकडे जातात असे नाही. बीड जिल्ह्याच्या डोंगरपट्ट्यातील माणसे उसाच्या मुलखाकडे जातात. तेथील एखाद्या लहान खातेदाराचे वर्ष पाहावे. मृगानंतर बाजरी, तूर, कपाशी अशी खरिपाची पेरणी. भाद्रपद-आश्विनात बाजरीची काढणी व रब्बी ज्वारीची पेरणी. आणि दसरा-दिवाळी होताच मुकादमाकडून घेतलेली उचल फेडण्यासाठी बिऱ्हाड साखर कारखान्याच्या तळावर. गुढीपाडव्याच्या सुमारास परतल्यावर विहिरीचे, बांधाचे, मिळेल ते काम. घरी राहिलेली वृद्ध माणसे व मुले यांच्याकडे शेळ्या असतात, त्या वेगळ्याच.

मुकादमाच्या वहीत नवरा-बायको मिळून एक 'कोयता' लिहिला जातो. तो ऊस तोडतो. ती पाचट काढते, मोळ्या बांधते आणि डोक्यावरून वाहनापर्यंत नेते. मजुरी टनावर ठरते व कोयत्याला मिळते, आणि हिशेब बहुधा पुरुषाशी होतो. सातबारावर जमीन त्याच्या नावे, कोयता त्याच्या नावे, आणि ग्रामपंचायतीच्या यादीत धंदा 'शेती'. त्या बाईचे सहा महिन्यांचे कष्ट तीन दप्तरांपैकी एकातही नाहीत. शेळ्या सांभाळणाऱ्या सासूबाईंना तर कोणी काही विचारीतच नाही. २०१८-१९ च्या अर्थसंकल्पात किसान क्रेडिट कार्डाची सोय पशुपालनासही लागू करण्यात आली. पण जिच्या नावापुढे 'घरकाम' एवढेच लिहिलेले आहे, तिच्यापर्यंत ही बातमी कशी पोहोचावी?

आणखी एक अडचण आहे. २०११ ची जनगणना फेब्रुवारीत झाली आणि फेब्रुवारीत ऊसतोड चालू असते. २०२५ साली निघालेल्या अधिसूचनेप्रमाणे पुढील जनगणनेचा संदर्भदिन १ मार्च २०२७ हा आहे, म्हणजे पुन्हा तोच हंगाम. त्या दिवसांत अर्धे गाव तळावर असते, हे गावातील कार्यकर्त्याइतके दुसऱ्या कोणास ठाऊक असणार?

यास्तव ग्रामसेवक व कृषि सहायक यांनी 'धंदा कोणता?' असे न विचारता 'कोणत्या महिन्यात कोण काय करते?' असे विचारावे. चैत्र ते फाल्गुन अशा बारा ओळी आखून प्रत्येक ओळीत घरातील प्रत्येक मोठ्या माणसाचे काम लिहावे. स्त्रियांना निराळे विचारावे. कर्त्या पुरुषाने त्यांच्या वतीने दिलेले उत्तर पुरे समजू नये. पहिल्या दहा घरांना वेळ लागेल, पुढे हात बसतो.

या कागदाचा प्रत्यक्ष शेतीस काय उपयोग, अशी शंका येईल. रब्बी ज्वारीचेच पाहू. पेरणी १५ सप्टेंबर ते १५ ऑक्टोबर या काळात करावी आणि तीन कोळपण्या द्याव्या, पहिली तिसऱ्या, दुसरी पाचव्या व तिसरी आठव्या आठवड्यात, अशी शिफारस आहे. तिसरी कोळपणी दातेरी कोळप्याने करावयाची असते. तिने जमिनीच्या भेगा बुजतात व खालची ओल टिकते. कोरडवाहू ज्वारीचे दाणे पुढे याच ओलीवर भरावयाचे असतात. आता सप्टेंबरच्या अखेरीस पेरलेल्या ज्वारीचा आठवा आठवडा मोजला तर तो नोव्हेंबरच्या उत्तरार्धात येतो, आणि बिऱ्हाड तर तोपर्यंत कारखान्यावर गेलेले असते. भेगा पडतात, ओल उडते, आणि उतारा घटला की दोष बियाण्याला दिला जातो. चर्चासत्र जानेवारीत भरवून तिसऱ्या कोळपणीचे महत्त्व सांगण्यात काय हशील?

ज्या घरांच्या कागदावर कार्तिक व मार्गशीर्ष या ओळींत 'ऊसतोड' असेल त्यांची बैठक दसऱ्यापूर्वीच घ्यावी. शक्य तेथे पेरणी शिफारशीच्या पहिल्या पंधरवड्यात उरकून पहिल्या दोन कोळपण्या निघण्यापूर्वी करून घ्याव्या. तिसरीसाठी गावात राहणाऱ्या बैलजोडीवाल्याशी आधीच बोलणी करावी. इर्जिकीची चाल जेथे टिकून आहे तेथे पाच-सहा घरांची पट्टी एकाच दिवशी उरकते. मोबदला रोख द्यावयाचा की कडब्याच्या पेंढ्यांत, हेही निघण्यापूर्वी ठरवावे, आणि कोळपणी झाल्याचा निरोप तळावर कोणी धाडावयाचा तेही.